अनसूयाबाई शेडगे यांणी ग्रीकविद्येचे ठाणे राखिले त्याची हकीकत

॥ श्री ॥

शारदेस नमन, आणि जो वृद्ध ज्ञानी भर चव्हाट्यावर अनवाणी उभा राहून येईल त्यास प्रश्न पुसत असे आणि त्यापायी विषाचा पेला घेता जाहला, त्यासही नमन. स्वामींनी पुसिले की, अमुक राज्यात ग्रीकविद्येचे ठाणे मोडावयाचे ठरले असता कायम कैसे राहिले, कोणी राखिले, आणि किटलीची गोष्ट लोक सांगतात ती खरी की पदरची, तरी सत्य असेल तैसे लिहावे. त्यास, जैसे पाहिले आणि ऐकिले तैसे लिहितो. राज्य म्हणजे विद्यापीठ. त्याचे नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले की शेजारची राज्ये म्हणतील आमचेही ऐसेच होते, आणि भांडण आमचे दारी येईल. तेथे पीक विद्येचे आणि लढाया जिभेच्या. कुलगुरुमहाराज गादीवर, दिवाण दफ्तरात, आणि आचार्य आपापले किल्ल्यांवर, ऐसी रचना होती. रसायनवाल्यांचा किल्ला चार मजली, व्यापारविद्येच्या किल्ल्यास काचेचे बुरूज, आणि ग्रीकविद्येचे ठाणे म्हणजे ग्रंथालयाचे पिछाडीस एक खोली, वर पत्रा, आत दोन बाकडी, एक फळा, एक शेगडी आणि एक जर्मन धातूची पोचे आलेली किटली. पत्र्यावर चिंचेचे बोटूक पडले तरी आत तोफ वाजल्यासारखे होई.

त्या ठाण्याचे ठाणेदार फादर अंतोन रुमाव, वसईचे राहणार, पाद्रीपणाचे शिक्षण घेताना ग्रीक भाषा शिकले आणि तीतच रमले. वसई म्हटले की लोकांस लढाई आठवावी. फादर म्हणत, आमचे गावी केळी उत्तम होतात, ते कोणी आठवीत नाही. पुरुष मोठा निर्मळ, रागास कधी चढला नाही. त्यांणी ठाण्यात एक शिरस्ता घातला होता, तो राज्यात दुसरे कोठे नव्हता. तो ऐसा की, वादात जो हरेल त्याणे उभे राहून 'उपकार झाले' म्हणावे, आणि जिंकणारास आपले हाते चहा ओतून द्यावा. का, तर ज्याणे माझी चूक दाखविली त्याणे माझे डोकीवरील ओझे उतरविले, आणि ओझे उतरविणारास पाणी पुसावे ही रीतच आहे. इतर किल्ल्यांवरील आचार्य हसत आणि म्हणत, आमचेकडे हरलेला मनुष्य चहा पाजीत नसतो, तो निवड समितीवर जाऊन बसतो आणि पुढे बघून घेतो. तेही खरेच होते.

शके अठराशे अठ्ठ्याण्णव, नलनाम संवत्सरे, आषाढमासी, माण मुलुखातून अनसूया शेडगे नावाची मुलगी या राज्यात आली. बाप भिवबा शेडगे, जातीचा धनगर, मेंढरांचा कळप घेऊन वर्षातले बहुत मास रानोमाळ फिरणारा. मुलगी मामाचे घरी राहून शिकली, बुद्धी तीक्ष्ण, आणि तत्त्वज्ञान शिकेन तर मुळापासून, दुसऱ्याचे उष्टे घेऊन नव्हे, ऐसा हट्ट धरून ग्रीकविद्येचे ठाण्यात नाव घातले. मग भावकी गोळा जाहली, आणि म्हणो लागली की, पोरगी मास्तरीण होती तर समजले असते, ही कोणती अवदसा आठवली, ग्रीक शिकून काय मेंढरे वळणार. त्याजवर भिवबा पटका सारखा करून बोलिले, "मेंढरं तर आमी राखतुयाच की. येक लेक मेंढरामागं न्हाई गेली तर कळप काय उधळत न्हाई." ऐसे बोलून त्यांणी आपली नवी घोंगडी लेकीचे खांद्यावर टाकिली आणि कळपामागे निघून गेले. बापाने परवानगी दिली यापेक्षा बापास अभिमान वाटला, हे अनसूयेने तेव्हाच ओळखिले, आणि ती घोंगडी तिणे पुढे कधी टाकिली नाही.

पहिले वर्ष मुलगी मुकाट बसे. शहरातील मुले इंग्रजीत वाद घालीत, ही खाली मान घालून ऐके. आणि मग एके दिवशी पाठात ते प्रकरण निघाले, ज्यात राजाने राज्य कोणासाठी करावे याचा वाद आहे. एक तापट वादी म्हणतो की, राजा म्हणजे धनगर, आणि धनगर मेंढरे पोसतो ती आपले लाभासाठी. त्यास वृद्ध ज्ञानी उत्तर देतो की, तैसे नव्हे, धनगर म्हणून जो आहे तो मेंढराचेच हित पाहतो, लाभ मिळविणे ही निराळी कला आहे. फादर म्हणाले, पहा कैसी बारीक विभागणी केली, आणि वर्ग माना डोलवू लागला. तेव्हा अनसूया उभी राहिली. घोंगडीचे टोक मुठीत धरून उभी राहिली, आणि म्हणाली की, ही विभागणी लबाडीची आहे. आमचे आबा मेंढीचा पाय मोडला तर आपले पटक्याची चिंधी फाडून बांधतात, आणि तीच मेंढी बाजारास नेऊन विकतात, आणि विकताना त्यांचे डोळ्यांस पाणीही येते. माया आणि विक्री दोन्ही एकाच माणसाचे पोटात, एकाच कामात. लाभाविना राखण करणारा धनगर अजून जन्मास यावयाचा आहे. वृद्धाने एका माणसाचे दोन केले आणि अडचणीचा तेवढा बाजूस सारिला. फादरांनी पुष्कळ प्रश्न पुसिले, तिणे सर्वांस उत्तर दिले, आणि शेवटी फादर उठले, किटली उचलिली, आणि त्या मुलीपुढे पेला ठेवून म्हणाले, "उपकार झाले, पोरी." त्या चहात साखर विसरली होती. अनसूयाबाई पुढे सांगत की, तितका गोड चहा आम्ही पुन्हा प्यालो नाही.

त्याच बोलण्यातून तिचा प्रबंध जन्मला. 'लाभाविना राखण नाही' हे सूत्र धरून तिणे ग्रीकांचे राज्यविचारावर मोठी चढाई केली आणि डॉक्टरीचे किताबासाठी दावा मांडिला. परीक्षक म्हणून शेजारचे राज्यातून डॉक्टर श्रीरंगपंत गोळे आले. हे गृहस्थ मातबर, विलायतेत राहिलेले, सूट घालणारे, आणि आपणास न पटे ते जगात नाहीच ऐसे समजणारे. त्यांस धनगराचे सूत्र बिलकूल पटले नाही. खोलीत पत्रा तापलेला, पंतांचे अंगात कोट, आणि त्यांणी हल्ल्यावर हल्ला केला. परंतु बाईंचा एक चिरा हलला नाही. शेवटी पंत म्हणाले की, हे चूक आहे खास, कोठे चूक आहे ते मात्र मला या घटकेस दाखविता येत नाही. मग फादरांनी शिरस्त्याप्रमाणे किटली त्यांचेपुढे सरकविली. पंतांनी किटलीकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि म्हणाले, "मी किटली उचलीत नसतो." किताब देऊन टाकिला, कारण अन्याय करणारा मनुष्य तो नव्हे, परंतु चहा न ओतता, न घेता निघून गेले. फादर हसून बोलिले की, त्यांचे ओझे त्यांजपाशीच राहिले, बिचारे.

पुढे फादर थकले, वसईस आपले केळीचे बागेत जाऊन राहिले आणि तेथेच देवाघरी गेले, आणि ठाणे अनसूयाबाईंकडे आले. बाईंनी ते कैसे चालविले त्याचा सर्व विस्तार लिहू गेल्यास लिहिणाराचा हात मोडेल. ग्रीकांचे संवाद एकामागून एक मूळ भाषेतून मराठीत आणिले, आणि ऐसे आणिले की वृद्ध ज्ञानी आपलेच वेशीपाशी उभा राहून बोलतो आहे ऐसे वाचणारास वाटावे. एकदा खुद्द ग्रीकदेशी पंडितांची सभा भरली, तेथे बाई नऊवारी नेसून आणि खांद्यावर घोंगडी घेऊन गेल्या आणि त्यांचीच भाषा त्यांसच ऐकविली. पंडित आपसांत कुजबुजले की, उच्चार कोठला आहे, तेव्हा बाईंनी सांगितले की, माणचा. सभेतून परतताना डोंगराचे वाटेस मेंढरे आडवी आली आणि गाडी अडली. बाई खाली उतरल्या आणि आबांची हाळी घातली, आणि ग्रीकदेशीची मेंढरे माना वळवून बाजूस जाहली. तेथील धनगराने टोपी काढिली. हे खोटे म्हणणारे आहेत, त्यांणी खुशाल म्हणावे. भिवबा त्या आधीच वारले होते, तेवढे मात्र बाईंचे मनास लागून राहिले, की हे सांगावे तर कोणास.

बाईंची शिकविण्याची एक रीत होती. कठीण वाक्य आले आणि वर्ग घाबरला की बाई आंधळ्या मेंढीची गोष्ट सांगत. आबांपाशी तानी नावाची एक म्हातारी मेंढी होती. दात गेले, लोकर झडली, कोकरू होण्याचे वय सरले, आणि वर डोळेही गेले. खाटीक विकत घेईना, शेवटी फुकट नेतो म्हणाला, तरी आबा देईनात. लोकांनी कारण पुसिले तर म्हणाले, "तिला वाट ठावी हाय." आणि त्या वाट ठाऊक असलेल्या आंधळीस ते घोडीवर घालून गावोगाव मिरवीत, पाणी ओंजळीने पाजीत, आणि स्वतः पायी चालत. येथे वर्ग खदखदून हसे, बाईही तोंडास पदर लावून हसत, आणि हसून मने मोकळी जाहली की कठीण वाक्य सोडविण्यास घेत. ऐसे वर्षानुवर्षे चालले. लाभाविना राखण नाही हे सूत्रही शिकविले आणि तानीही सांगितली, एकाच तोंडाने, कधी कधी एकाच तासास. शिकणारे हसले आणि लिहून घेते जाहले, आणि कोणाचेही मनात काही आले नाही. मोठ्या माणसाची चूक ऐसीच उजेडात, सर्वांचे समोर, खुशाल बसलेली असते.

शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, बाईंचा निवृत्तीचा काळ जवळ आला. तेव्हा कुलगुरुमहाराजांस सल्लागारांनी सांगितले की, या ठाण्यात शिकणारे हाताचे बोटांवर, खोली मात्र मोक्याची, तेथे वाहनतळ उत्तम होईल. महाराज भला मनुष्य, परंतु कानाचा हलका. त्यांणी निर्णयासाठी समिती नेमिली आणि तिचे अग्रणी म्हणून कोण आले, तर श्रीरंगपंत गोळे. केस पांढरे जाहलेले, हाती काठी, सूट मात्र तोच. पंतांनी येण्याआधीच आपले मत बोलून ठेविले की, हे ठाणे नव्हे, ही एक बाई आहे. परंपरा तिला म्हणावी जेथे शिष्य गुरूस अडवितो. येथे सर्व गुरूची री ओढणारे. बाई गेल्या की आत उरेल ती किटली, तिजसाठी खोली कशास. हे शब्द बाईंचे कानी आले आणि जिव्हारी लागले. कारण आपले पाठीमागे ठाणे राहावे, आणि ते रेश्माकडे जावे, हाच एक ध्यास त्यांस होता.

रेश्मा मुजावर ही मिरजेची, दर्ग्याचे सेवेकऱ्यांचे घरची लेक, बाईंची शिष्या, आणि त्या खोलीत तरुण माणसांत ग्रीक अस्खलित वाचणारी ती एकटीच. महाराजांस मनातून ठाणे मोडवेना, म्हणून त्यांणी तिला बोलावून समजाविले की, समितीपुढे बाई आपले सूत्र मांडतील, तेव्हा तू होकार दे, गुरुशिष्यांचा मेळ दिसला म्हणजे मला काही करिता येईल. रेश्मा उठून नीट बाईंकडे आली, आणि उंबऱ्यापाशीच उभी राहून म्हणाली की, बाई, सूत्रावर माझी एक हरकत आहे, बरेच दिवस मनात आहे, आणि सभेत ती निघाली तर ठाणे जाईल ऐसे भय वाटते. हरकत काय आहे ते आताच पुसावे, बंद दाराआड सोडवावी, आणि बाहेर मेळ दाखवावा, ऐसे एक क्षण बाईंचे मनात आले, हे लपविता येत नाही. मग दृष्टी किटलीवर गेली. बाई म्हणाल्या, "हरकत गिळून या घरात कोणी चहा पीत नाही. सभेत काढ." रेश्मा रडवेली जाहली, आणि बाईंनी तिला शेगडी पेटवावयास लाविले.

मग सभा भरली. दोन बाकड्यांवर समिती, दारात महाराज आणि दिवाण, आणि खिडकीबाहेर इतर किल्ल्यांवरील लोक, कारण मौज पाहण्यास गर्दी नेहमीच असते. बाईंनी सूत्र मांडिले, आणि उत्तम मांडिले; पंतही मान खाली घालून ऐकत राहिले. मांडून जाहले तेव्हा बाई स्वतःच म्हणाल्या की, रेश्मा मुजावर यांस काही पुसावयाचे आहे. महाराजांनी खुणेने नको नको म्हटले. रेश्मा उभी राहिली, ओढणीचे टोक मुठीत धरिले, आणि बाईंस आपली घोंगडी आठवली. रेश्माने पुसिले, "बाई, तानीपासून तुमच्या आबांना लाभ काय होता?"

बाईंनी हसू आणिले आणि सांगितले की, काही नव्हता, लोकर नाही, दूध नाही, कोकरू नाही.

"वाट दाखवण्याचा?"

"ती आंधळी होती. आबाच तिला वाट दाखवीत."

"मग तिला घोडीवर घालून ते पायी चालत, तेव्हा ते धनगर होते की नव्हते?"

बाईंनी दोन्ही उत्तरे मनात तोलून पाहिली. नव्हते म्हणावे तर आबांचे धनगरपण जाते. आबांहून मोठा धनगर त्यांणी पाहिला नव्हता. होते म्हणावे तर सूत्र जाते, किताब ज्यावर मिळाला तो पाया जातो, आणि पंत समोर बसलेले. मग बाईंचे डोळ्यांपुढे आबा आले, ओंजळीत पाणी धरून वाकलेले, आणि ज्या गोष्टीस आपण उभा जन्म हसलो ती हसण्याची नव्हती हे त्यांस एकदम कळले. म्हणाल्या, "होते. तेव्हाच ते पुरते धनगर होते."

"तर लाभाविना राखण आहे," रेश्मा म्हणाली, "आणि ग्रीकांचा म्हातारा खरे बोलत होता." आणि एवढे बोलून घाबरून खाली बसली.

दारात महाराजांनी कपाळास हात लाविला. इतक्यात अनसूयाबाई उठल्या. वयाने वाकलेल्या, परंतु त्या घटकेस ताठ होत्या, मुद्रेवर दुःखाचा लेश नाही, उलट लेकीचे वरातीत आई दिसावी तैसे तेज. त्यांणी किटली उचलिली, पेला भरिला, रेश्मापुढे ठेविला आणि बोलिल्या, "उपकार झाले. माझ्या आबांनी मला हरविले, आणि ते मला तू दाखविलेस. याहून मोठा मान मला या राज्यात मिळाला नाही." मग समितीकडे वळून सांगितले की, प्रबंधाचा मुख्य सिद्धांत आज पडला, तैसे नमूद करावे. ग्रीकांवर माझे बाकीचे काम टिकेल ते टिकेल.

सर्वांनी पंतांकडे पाहिले. ज्या सूत्रावर त्यांणी तरुणपणी हल्ले केले आणि ज्यातील चूक इतकी वर्षे सापडली नाही, ते आज डोळ्यांदेखत पडले होते. आता पंत आनंदाने ठाणे मोडतील, ऐसे लोक समजले. पंत काठी टेकून उठले, कोट काढिला, जो कोणी कधी काढलेला पाहिला नव्हता, तो बाकड्यावर ठेविला, आणि बाईंचे हातून किटली मागून घेतली. हात म्हातारा, किटली तापलेली, चहा बशीत सांडला. आधी रेश्माचा अर्धा पेला पुन्हा भरिला, मग बाईंस नवा पेला दिला. "इथे री ओढणारे आहेत, असे मी म्हटले होते," पंत म्हणाले. "मी हरलो. उपकार झाले." आणि मग हळूच पुसिले की, हरलेल्यास चहा मिळतो की नाही, कारण त्या वेळचा माझा राहिला आहे. बाई म्हणाल्या, मिळतो, साखर मात्र आपली आपण घ्यावी लागते.

येणेप्रमाणे ठाणे कायम जाहले, रेश्मा मुजावर ठाणेदार जाहल्या, आणि वाहनतळ व्यापारविद्येच्या काचेचे बुरुजाखाली नेला. बाई निवृत्त होऊन माण मुलुखी गेल्या आणि सूत्र पाडणारा नवा ग्रंथ आपणच लिहिला, त्यावर 'तानीस' इतकीच अर्पणपत्रिका आहे. खोलीत आजही हरणारास चहा ओतावा लागतो. तानीची गोष्ट रेश्माबाई अजून सांगतात, मुले अजून हसतात, आणि हसणे थांबले की रेश्माबाई विचारतात, ते धनगर होते की नव्हते. किल्ले पुष्कळांनी जिंकून राखिले. हे एक हरून राखिले. इति.